बोर्डांची पूजा

आमच्या शाळेत मला "गुस्सेवाली मराठी मॅडम" म्हणतात. म्हणोत बापडे. समोर राग येण्यासारखं घडून राहिलं असताना जो गोड हसत बसतो, त्याचंच मला नवल वाटतं. माझी आई म्हणते, तू बोलायला लागली की शेजारच्या घरातली भांडी हलतात. हलत असतील. पण मी जे सांगणार आहे ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि ते मी थंड डोक्याने सांगीन असं कोणी समजू नये.

मी रायपूरचीच. वडील रेल्वेत होते, अमरावतीकडून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. आई अजून ब्राह्मणपाऱ्यातल्या घरात राहते, मी शंकर नगरला. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, काही वर्षं एका कारखान्यात बंद पडलेली पॅनेलं दुरुस्त केली, आणि मग एका खाजगी शाळेत लॅब सांभाळायला लागली. लॅब म्हणजे काय, तर काचेचं एक कपाट, त्यात मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड, आणि कपाटाला कुलूप. किल्ली उपप्राचार्य मॅडमच्या पर्समध्ये. पालक आले की त्यांना काचेतून बोर्ड दाखवायचे, शाळेच्या पत्रकावर फोटो छापायचा, झालं शिक्षण. पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं, "मैडम, बच्चों को हाथ मत लगाने देना, खराब हो जाते हैं."

मी म्हटलं, हात लावायचा नाही तर मग काय आरती ओवाळायची का? ते मी रागात बोलली होती. पुढे खरंच ओवाळतील हे मला काय ठाऊक!

किल्ली मिळवायला मला भांडावं लागलं. मिळाली. मग पोरांशी भांडण सुरू झालं. हा बोर्ड म्हणजे तळहाताएवढी एक पट्टी, तिच्यावर एक काळी चिप. संगणकावर चार ओळी लिहून तिच्यात घातल्या की ती त्या ओळी मुकाट्याने करत बसते. दिवा लाव, थांब, दिवा विझव, थांब. जे लिहिलं तेच करते, मनात होतं ते करत नाही, म्हणून माणूस चिडतो आणि चिडून शिकतो. एवढी साधी गोष्ट. पण आमची आठवीची पोरं हात मागे बांधून उभी! "मैम, आप कर के दिखाओ, हम कॉपी में उतार लेंगे." आणि खरंच उतरवत. लाल समास आखून, शीर्षकाखाली दोन रेघा मारून, सगळा प्रोग्राम वहीत सुंदर अक्षरात. बोर्ड कोरडाच पडलेला. एका पोट्ट्याने तर एलईडी दिव्याच्या दोन पायांचं चित्र इतकं छान काढलं की लांब पाय कोणता नि आखूड कोणता ते दुरून कळावं, आणि हातात खरा दिवा दिला तर उलटा लावला. मी ओरडली, "अरे लावून तर बघ! उलटा लागला तर पेटणार नाही, तुला चावणार नाही!" तेव्हा कुठे एकेक हात पुढे यायला लागला.

आणि पहिल्यांदा दिवा लुकलुकला की काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. इतका लहान लाल दिवा, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण आपण लिहिलेल्या ओळीने तो लागला की पोरगं एकदम गप्प होतं. मग "मैम, मैम" करून अख्खी लॅब डोक्यावर घेतं. त्या क्षणापुरता माझा राग कुठे जातो कोण जाणे.

त्या वर्षी शाळेने आठवीला दोन छंदविषय ठेवले. एक इलेक्ट्रॉनिक्स, दुसरा ब्युटी अँड वेलनेस. कोणालाही न विचारता सगळे पोट्टे माझ्याकडे आणि सगळ्या पोट्ट्या तिकडे. मी विचारलं काहून, तर उपप्राचार्य मॅडम हसून म्हणाल्या, "लड़कियों का इंटरेस्ट उधर ही होता है ना." विचारलं होतं का कोणी त्यांना? नाही. मेहंदी, केस, भुवया, हे काम हलकं नाही, त्यालाही हात लागतो, माझी मावसबहीण त्यावर घर चालवते. पण न विचारता ढकलून देणं ही काय रीत झाली!

एक पोट्टी मात्र आली. एका मराठी घरातली, वडील सरकारी कचेरीत, राहायला सरकारी क्वार्टरमध्ये. मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची हिंदीत, आमच्याकडची आजची पोरं देतात तसंच. लॅबच्या दारात उभी राहून म्हणाली, "मैम, मुझे इधर आना है." मी तिला हाताला धरून उपप्राचार्यांकडे नेलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक है. लेकिन एक भी शिकायत आई, तो वापस." पोट्टी म्हणाली, "जी मैम." एकाही पोट्ट्याला अशी अट नव्हती. त्यांनी तोवर एक मॉनिटर पाडला होता, कोणी काही बोललं नव्हतं. पण या पोरीची जागा त्या एका वाक्यावर टांगलेली राहिली, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. वायर लावायच्या आधी ती दोनदा बघायची, मग माझ्याकडे बघायची, मग लावायची.

तिने काय केलं सांगते. त्यांच्या क्वार्टरच्या गच्चीवर पाण्याची टाकी. सकाळी पंप लावला की बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही, टाकी भरभरून वाहते आणि खालच्या मजल्यावरची काकू शिव्या घालते. या पोट्टीने दोन उघड्या तारा टाकीच्या तोंडाशी लटकवल्या. पाणी चढलं की दोन्ही तारा पाण्यात बुडतात, पाण्यातून बारीकसा करंट जातो, बोर्डाला तो कळतो आणि बोर्ड भोंगा वाजवतो. तारा कोरड्या तर भोंगा गप्प. एवढंच. पण हे तिने पुस्तकातून उतरवलं नव्हतं, काकूच्या शिव्यांतून काढलं होतं. लॅबमध्ये बादलीत करून दाखवलं तेव्हा पोट्टेसुद्धा टाळ्या वाजवून राहिले. मी तिला सर्वांसमोर शाबासकी दिली, आणि मी ती सहसा देत नाही.

डायरेक्टर साहेबांनाही ते आवडलं. इतकं आवडलं की दसऱ्याच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी शाळेची शस्त्रपूजा होते, त्यात या वर्षी बोर्डसुद्धा मांडायचे असं ठरलं. "और लाइट जलती-बुझती रहनी चाहिए," साहेब म्हणाले. "उस बच्ची से करवाओ." मी त्या दिवशी नव्हती. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मी रजेवर. जाताना पोट्टीला सांगून गेली, सगळ्या बोर्डांत तोच दिव्याचा प्रोग्राम घाल, वायरी नीट बघ. तिने घातला, बघितल्या.

आता पूजा म्हटलं की मी काही नास्तिक बाई नाही. नवमीला माझ्या घरी स्कूटर, मिक्सर, सोल्डरिंग आयर्न, सगळ्यांना हळदकुंकू वाहते. पण आपल्याकडे चिमूटभर कोरडं वाहायचं, तेही मुठीवर, झाकणावर. इकडे कुंकू पाण्यात कालवून बोटाने ओला टिका लावतात, वर तांदूळ चिकटवतात, आणि फुलाने पाणी शिंपडतात. डायरेक्टर साहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळी शाळा भाभीजी म्हणते, त्यांनी मोठ्या भक्तीने चालू असलेल्या एकेका बोर्डाला ओला टिका लावला. नेमका मधोमध. म्हणजे चिपवर. पाणी शिंपडलं. आणि एकदा लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, पूजेला मांडलेल्या वस्तूला सण होईस्तोवर हात लावायचा नसतो, हे तर लहान लेकरालाही माहीत. म्हणून कोणी पुसलं नाही. मेन स्विच बंद करून लॅबला कुलूप लावलं आणि सगळे सुट्टीवर गेले. बोर्ड आपले ओल्या कुंकवात पडून राहिले.

सुट्टीनंतर मी लॅब उघडली तर एकही बोर्ड चालेना. मी पुनःपुन्हा लावून बघितलं. संगणकाला जोडलं तर ओळखच देईनात. इतक्यात उपप्राचार्य मॅडम दारात. त्यांना म्हणे पूजेच्या दिवशीच दिसलं होतं, दोन-तीन दिवे मध्येच विझले. "वही लड़की ने कनेक्शन उल्टा किया होगा. मैंने कहा था ना?"

कहा था ना! दिवे विझताना दिसले तर ओरडायचं होतं, प्लग काढायचा होता. तेव्हा नाही, आता बोटं दाखवायला हुशार. पोट्टी माझ्या मागेच उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक. "मैम, मैंने सब देखा था. दो बार देखा था." मी म्हटलं, मला माहीत आहे, तू गप बस.

मी भिंग घेऊन बसली. काय बघायचं राहिलं होतं! चिपच्या बारीक पायांमध्ये लाल थर वाळून बसलेला, पायांवर हिरवट बुरशीसारखी खपली, आणि तांदळाचा दाणा अजून चिकटलेला. दोन पायांमध्ये कोरडी जागा असावी लागते, तिथे ओल गेली की करंट नको त्या वाटेने पळतो. मी स्पिरिट आणि जुना दातांचा ब्रश घेतला आणि एकेक बोर्ड घासला. तुम्हाला सांगते, निम्म्याहून जास्त बोर्ड उठून बसले! दिवे लुकलुकायला लागले. बाकीचे आतून जळाले होते, ते गेले. पण वायर उलटी लावून जळालेला बोर्ड ब्रशने घासल्यावर जिवंत होतो का हो? हे मी उपप्राचार्य मॅडमला विचारलं.

त्या खुर्चीत ताठ झाल्या. "मतलब आप कह रही हैं कि पूजा से खराब हुए?"

"पूजेने नाही. पाण्याने."

"एक ही बात है, मैडम. भाभीजी ने अपने हाथ से टीका लगाया है. आप सोच के बोलिए."

झालं. तिथून पुढे बोर्डाचा विषय संपला आणि श्रद्धेचा सुरू झाला. स्टाफरूममध्ये मी आली की लोक चहाच्या कपात बघायला लागले. संस्कृतचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, जाऊ द्या मॅडम, एका पोरीसाठी कायले वाईटपणा घेता. एका पोरीसाठी! म्हणजे किती पोरी असल्या की वाईटपणा घ्यायचा? माझ्या पायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मी त्या पोट्टीला घेऊन थेट डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. सोबत तिचाच तो टाकीचा भोंगा. साहेबांच्या मागच्या फळीवर गणपती आणि कुंकवाची वाटी असते. मी परवानगी मागितली, त्यांनी मान हलवली. पोट्टीने काचेच्या पेपरवेटवर कोरडं कुंकू पसरलं आणि दोन्ही तारा त्यात टेकवल्या. भोंगा गप्प. मग त्यांच्याच ग्लासातलं पाणी बोटाने त्यावर सोडलं. भोंगा असा किंचाळला की बाहेरचा शिपाई धावत आत आला.

पोट्टी हळू आवाजात म्हणाली, "सर, गीला होने से करंट जाता है. बस इतना ही हुआ था."

साहेबांना कळलं. मी शपथेवर सांगते, कळलं. त्यांनी स्वतः तारा हातात घेऊन पुन्हा एकदा टेकवून बघितल्या, पुन्हा भोंगा वाजला आणि ते लहान पोरासारखे हसलेसुद्धा. मग हसू पुसून म्हणाले, "मैडम, बात आपकी सही होगी. लेकिन ये बात बाहर जाएगी तो क्या मतलब निकलेगा? पूजा की, इसलिए नुकसान हुआ? पैरेंट्स क्या बोलेंगे? घर में मैं क्या बोलूंगा?" पोट्टीकडे बघून म्हणाले, "बेटा, तुम सॉरी बोल दो. गलती से हो गया, बोल दो. बात खतम. फिर लैब में ही बैठो, सीखो."

खरं काय ते समोर वाजून राहिलं, आणि हा माणूस एका लेकराला खोटं बोलायला सांगतो! तेही बेटा म्हणून! मी म्हटलं, "सर, तिने केलंच नाही तर सॉरी कशाची?" तर म्हणे, "मैडम, आप हर बात में गुस्सा हो जाती हैं."

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावलं. ते आले, मोटरसायकल लावली आणि मला गेटजवळच गाठलं. चांगला सरळ माणूस, आवाज चढवला नाही.

"मॅडम, काहून एवढं ताणून राहिल्या तुम्ही? सॉरीच तं म्हणायची हाय. म्हणून टाकीन पोट्टी, काय जाते?"

"भाऊ, तिचं जाते," मी म्हटलं. "उद्यापासून शाळेत काही बिघडलं की हिचंच नाव येईल. एकदा कबूल केलं म्हणजे झालं."

"अजी, पोट्टीची जात. तिले काय मोटार बांधाची हाय का? अन् मले याच गावात राहाचं हाय. त्या डायरेक्टरची ओळख वरपर्यंत हाय, माहा बदली थांबवाचा अर्ज तिकडेच पडून हाय."

असं आहे होय! मी म्हटलं, "तुमच्या क्वार्टरच्या टाकीवर भोंगा वाजते की नाही रोज सकाळी?"

"वाजते न."

"कोणी बसवला?"

"बसवला तिनंच, हाव. मी कुठं नाही म्हणतो? हुशार हाय पोट्टी. पण मॅडम, हुशार हाय म्हणूनच सांगतो, तिले वाकाले शिकवा थोडं." एवढं बोलून ते आत गेले.

केबिनमध्ये साहेब, उपप्राचार्य मॅडम, वडील, मी आणि ती. वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोल बेटा." उपप्राचार्य मॅडम म्हणाल्या, "बोलो, सॉरी सर, गलती से वायर उल्टी लग गई." ती खाली बघून उभी. मला वाटलं आता म्हणेल, आणि खरं सांगते, म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता. एवढ्याशा पोरीच्या अंगावर तीन मोठी माणसं. पण तिने मान वर केली आणि म्हणाली, "सर, वायर सीधी थी."

"यानी सॉरी नहीं बोलोगी?"

"भाभीजी को बुरा लगा हो तो उसका सॉरी बोल दूंगी, सर. वायर का नहीं. वायर सीधी थी."

मोठ्या माणसांनासुद्धा एवढा नेमका हिशेब करता येत नाही, कशाची माफी मागायची आणि कशाची नाही. पण तिथे ते कोणाला ऐकायचं होतं! वडिलांनी कपाळावर हात मारला. उपप्राचार्य मॅडम म्हणाल्या, शर्त याद है ना, आणि त्या दुपारपासून ती पोट्टी ब्युटी अँड वेलनेसमध्ये. शिक्षा म्हणून. म्हणजे ज्या वर्गात बाकीच्या पोरींना कौतुकाने बसवलं होतं, तोच वर्ग हिच्यासाठी शिक्षा. त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं ते काय बोलून राहिले, त्या विषयाचा मान ठेवून राहिले की अपमान करून राहिले.

मी गप्प बसली असं समजू नका. पुन्हा गेली, तिसऱ्यांदा गेली. शेवटी साहेब हसत म्हणाले, "मैडम, आपको भी उधर भेज दें क्या?" सगळे हसले. मी राजीनामा त्यांच्या तोंडावर फेकायला निघाली होती. लॅबपर्यंत आली तर पोट्टे रांगेत उभे, हात मागे न बांधता, एकाच्या हातात वायर, दुसऱ्याच्या हातात दिवा. मी शिव्या घालत किल्ली काढली आणि शिकवायला लागली. त्यांचा काय दोष?

पंधरवड्यात नवे बोर्ड आले. चकचकीत, प्लॅस्टिकच्या डब्यांत. कोणी कोणाला सॉरी म्हटलं नाही. पोट्टी कॉरिडॉरमध्ये भेटली की "नमस्ते मैम" म्हणायची. मी विचारायची, भोंगा चालू आहे का? "हव मैम, चालू है." कधी सुट्टीत दारातून डोकावायची, पण आत पाऊल टाकायची नाही. मी "ये ना" म्हटलं तरी नाही. आत आली आणि काही बिघडलं तर पुन्हा तिच्याच माथी खापर, हे तिला आता पुरतं कळलं होतं. मार्चमध्ये नववीचे विषय लिहून घेतले. मी विचारायला गेली तेव्हा उत्तर तयार होतं, जो छंदविषय आठवीत तोच नववीत.

पुन्हा दसरा आला. आदल्या दिवशी शिपाईभैया निरोप घेऊन लॅबमध्ये आला. "मैडम, साहब ने बोला है, इस बार टीका डिब्बे पर लगेगा, बोर्ड पर नहीं. डिब्बा बंद रखना. पानी से करंट खराब होता है बोले."

मी त्याला पुन्हा बोलायला लावलं. तो पुन्हा तेच बोलला. पानी से करंट खराब होता है! म्हणजे कळलं होतं, मान्य होतं, लक्षातही ठेवलं होतं. बोर्डांसाठी नियम बदलला, डबे आले, शिपायापर्यंत हुकूम गेला. फक्त एका पोरीला "तुझं खरं होतं" एवढं म्हणायला कोणाची जीभ उचलली नाही. मला असं वाटलं की ते सगळे डबे उचलून खिडकीबाहेर भिरकावावे.

भिरकावले नाही. टेबलावर नीट मांडले. भाभीजी ताट घेऊन आल्या, सोबत पाहुणे, काही पालक. साहेब मोठ्या तोऱ्यात सांगून राहिले, "हम तो साइंटिफिक तरीके से पूजा करते हैं. नमी से सर्किट शॉर्ट हो जाता है, इसलिए डिब्बे पर." पाहुण्यांनी वा वा केलं. मी लॅबमधून निघाली, कॉरिडॉर ओलांडून समोरच्या वर्गात गेली आणि त्या पोट्टीला म्हटलं, चल. तिच्या हाताला मेहंदी लागलेली, अर्धी. तशीच आली.

मी तिला दारात उभं केलं आणि म्हटलं, "सर, ये नमी वाली बात फिर से बताइए ना. इसको भी सुननी है."

साहेबांचा चेहरा उतरला. भाभीजी माझ्याकडे बघायला लागल्या, मग पोरीकडे, मग साहेबांकडे. त्यांना बहुतेक कोणी काही सांगितलंच नव्हतं. उपप्राचार्य मॅडम डबे सरळ करायला लागल्या, जे आधीच सरळ होते. शेवटी ती पोट्टीच बोलली. आवाजात ना तक्रार, ना कुत्सितपणा. सरळ विचारलं, "सर, तो अब मैं इधर बैठूं?"

साहेबांची सुटका झाली. जवळ येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे बेटा, अब तो नौवीं का रजिस्ट्रेशन हो गया. परीक्षा वाले बोर्ड में नाम चला गया ब्युटी का. अब बीच में कैसे बदलेंगे? पहले बोलना था ना."

पहले बोलना था! ती म्हणाली, "जी सर," मेहंदीचा हात अंगापासून लांब धरून वळली आणि आपल्या वर्गाकडे गेली.

मला हिंदी सुचलीच नाही. मराठीतच तोंड सुटलं, पाहुण्यांसमोर, भाभीजींसमोर, सगळ्यांसमोर. "साहेब, बोर्ड मेले तर तुम्ही पंधरवड्यात नवे मागवले. या पोरीची गेलेली वर्षं कुठून मागवता ते सांगा."

साहेबांना मराठी येते, इतकी वर्षं आम्हा लोकांत राहून येतेच. भाभीजींनी घंटी उचलली, आणि आरती सुरू झाली.